‘केला असेल कुणीतरी’

हातचा एक
धाग्याला काय नाव द्यावं सुचेना, म्हणून तिथं कानावर पडलेलं वाक्यच दिलंय.

गेल्या आठवड्यात स्टेशनचा जिना उतरत होतो. माझ्यापुढे सात-आठ पायऱ्यांवर एक गृहस्थ आधी कठडा धरून खाली बसले आणि मग कलंडले. पन्नाशीचे असतील. गाडी नुकतीच येऊन गेलेली, जिना माणसांनी भरलेला. बघता बघता त्यांच्याभोवती कोंडाळं झालं. एका बाईंनी आपली पर्स त्यांच्या डोक्याखाली सारली. एक जण ‘हवा येऊ द्या, हवा येऊ द्या’ म्हणत होता आणि स्वतः जागचा हलत नव्हता. मी मोजले, अकरा मोबाइल वर होते. मागून कुणीतरी विचारलं, ‘फोन केला का कुणी?’ त्यावर कुणीतरी म्हणालं, ‘केला असेल कुणीतरी.’

नऊ मिनिटं. समोर इंडिकेटरचं घड्याळ होतं म्हणून छातीठोकपणे सांगतो. नऊ मिनिटांनी वरून उतरणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीनं ‘ॲम्ब्युलन्स कोणी बोलावलीय?’ असं ओरडून विचारलं. कोणीच नाही. मग तिनं लावला फोन. अकरा मोबाइल, आणि तोवर एकही फोन नाही!

पुढे त्या गृहस्थांचं काय झालं माहीत नाही. स्ट्रेचर गेलं, गर्दी पांगली, पुढची गाडी आली. माणुसकी आटली म्हणतात ती हीच का, की आपण आधीपासूनच असे होतो आणि मोबाइलनं फक्त ते उघडं पाडलं? मोकळेपणानं लिहा.

रिकामटेकडा
खुर्ची ओढून बसतोय. शंभर प्रतिसाद नक्की.

नीलमोहर
रिकामटेकडा, माणूस जिन्यावर पडलाय आणि तुम्ही खुर्ची ओढताय. धाग्याचा विषयच हा आहे ना?

रिकामटेकडा
लागलं. मागे घेतो.

कात्रण
‘आपण आधीपासूनच असे होतो का’ या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातला निम्मा चुकीचा आहे.

१३ मार्च १९६४च्या पहाटे न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळच खून झाला. दोन आठवड्यांनी न्यू यॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर छापलं की ३८ माणसं अर्धा तास खिडकीतून बघत होती आणि कुणी पोलिसांना फोन केला नाही. तेव्हा मोबाइल सोडाच, संकटात फिरवायचा एकच एक नंबरसुद्धा अमेरिकेत नव्हता, तो १९६८ साली आला. पण ‘शहरात माणुसकी मेली’ ही ओरड तेव्हाही होतीच.

त्या बातमीनं अस्वस्थ होऊन जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून चर्चा करायला लावलं. मधेच एकाला झटका आल्याचा आवाज येतो (आवाज टेप केलेला, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नाही). ‘हे फक्त मीच ऐकतोय’ असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक आवाज थांबण्याआधीच मदत मागायला उठले. ‘आणखी चौघं ऐकताहेत’ असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्के.

माझ्या मते यातली खरी गोष्ट आकड्यांच्या पुढे आहे. जे उठले नाहीत ते निवांत बसले नव्हते. प्रयोग करणारे खोलीत आले तेव्हा अनेकांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते, ‘तो ठीक आहे ना?’ म्हणून तेच विचारत होते. दया आटली असती तर हात कशाला थरथरले असते? जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि कुणाच्याच वाट्याला उठण्याइतकी आली नाही, एवढंच.

आता चुकीचा निम्मा भाग. ३८चा आकडा फुगवलेला होता. बहुतेकांनी काहीतरी ऐकलं होतं, पूर्ण प्रकार पाहणारे अगदी थोडे होते. खुद्द टाइम्सनं २०१६ साली त्या बातमीत चुका होत्या हे मान्य केलं. आणि सगळ्या पाठ्यपुस्तकांतून जी गळली ती एक शेजारीण. पहाटे घरातून धावत खाली गेली, मारेकरी पळालाय की तिथंच आहे हे माहीत नसताना, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या मुलीला मिठीत धरून बसली. ३८ जणांच्या गोष्टीत तिला जागाच नव्हती.

शंकासुर
कात्रण, प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांवरून जगाची परीक्षा नको. रस्त्यावर काय होतं ते सांगा.

धागालेखक, एक साधा प्रश्न. अकरा मोबाइल तुम्ही मोजलेत. घड्याळ बघितलंत. नऊ मिनिटं तुम्हीही तिथंच होतात. तुम्ही काय करत होतात?

नीलमोहर
शंकासुर, हा हल्ला झाला. ते प्रामाणिकपणे लिहिताहेत.

शंकासुर
हल्ला कसला? प्रश्नच तोच आहे. प्रत्येक जण उरलेल्या दहांबद्दल धागा काढतो.

कात्रण
रस्त्यावरचं सांगतो, मुद्दा रास्त आहे. २०१९ साली एक अभ्यास आला. ॲमस्टरडॅम, केप टाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथल्या सीसीटीव्हीत सापडलेली २१९ सार्वजनिक भांडणं-मारामाऱ्या तपासल्या. दहातल्या नऊ प्रसंगांत किमान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. आणि माणसं जास्त असली की कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता वाढत होती, कमी होत नव्हती. मग दोन्ही कसं खरं? एकेकट्याचा पाय जड होतो, पण पाय इतके असतात की एखादा उचललाच जातो. शिवाय मारामारी डोळ्यांना दिसते. जिन्यावर पडलेला माणूस म्हणजे चक्कर, दारू, मिरगी की हृदयविकार, हे कळत नाही. मग प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा वाचतो, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, तोही वाचतच असल्यामुळे, काहीच लिहिलेलं नसतं.

हातचा एक
शंकासुर, उत्तर देतो. कालच द्यायला हवं होतं.

अकरा मोबाइल मी लिहिले. माझा धरून बारा होते. चौदा सेकंदांचा व्हिडिओ आहे माझ्याकडे. का काढला, खरंच सांगता येत नाही. कुणाला पाठवायचा नव्हता, पाठवलाही नाही. हात आपसूक खिशात गेला, तो वर आला तेव्हा कॅमेरा चालू होता. आणि तो चालू असताना मी काहीतरी करतोय असं वाटत होतं, हे त्याहून वाईट. बंद केल्यावर पुन्हा नुसता उभा.

शंकासुर
हे लिहायला धैर्य लागतं. माझा सूर जास्तच चढा होता, माफ करा. प्रश्न मात्र मागे घेत नाही.

उलटतपासणी
कायद्याच्या बाजूनं थोडं. व्यवसायानं वकील आहे, त्यामुळे पाल्हाळ चालवून घ्या.

जगात दोन परंपरा आहेत. फ्रान्समध्ये संकटातल्या माणसाला, स्वतःला धोका नसताना, मदत न करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जर्मनीत कलम ३२३क आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. २०१६ साली जर्मनीतल्या एसेन शहरात एक वृद्ध बँकेच्या एटीएमच्या दालनात कोसळले. चार ग्राहक त्यांना वळसा घालून, ओलांडून, पैसे काढून गेले. पाचव्यानं फोन केला. वृद्ध नंतर वारले आणि पुढच्या वर्षी न्यायालयानं त्यांतल्या तिघांना दंड ठोठावला. तिथंच २०२१पासून अपघातात मेलेल्या माणसाचे विटंबना होईल असे फोटो काढणंसुद्धा गुन्ह्यात आलं, म्हणजे केवळ पसरवणं नव्हे, काढणं.

दुसरीकडे इंग्लंड-अमेरिकेची परंपरा: तुमचं त्या माणसाशी काही नातं किंवा कर्तव्य नसेल तर वाचवण्याची सक्ती नाही. २०१७ साली फ्लोरिडात काही किशोरवयीन मुलांनी बुडणाऱ्या माणसाचं चित्रण केलं, वर हसले. खटला उभा राहिला नाही, कारण मदत न करणं हा तिथं गुन्हाच नव्हता.

भारतात तिसरी वाट धरली गेली: मदत न करणाऱ्याला शिक्षा करण्याऐवजी करणाऱ्याची भीती घालवायची. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ रोजी मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. रस्ते अपघातातल्या जखमीला सद्‌भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

माझं वैयक्तिक मत? शिक्षेच्या धाकानं चांगुलपणा येत नाही, पण ‘नसत्या भानगडीत पडू नका’ ही सबब तरी कायद्यानं काढून घेतली पाहिजे. कारण ती सबब नेहमी खोटी नसते.

शंकासुर
‘नेहमी खोटी नसते’ हे पटलं. चीनमधल्या नानजिंगची गोष्ट आठवा. २००६ साली एका तरुणानं बसस्टॉपवर पडलेल्या म्हातारीला उचलून दवाखान्यात नेलं. तिनं त्याच्यावरच दावा लावला, की यानंच मला पाडलं. न्यायालयानं जवळपास असा तर्क लावला की पाडलं नसतंस तर इतकी मदत कशाला केली असतीस! खर्चाचा वाटा त्याच्या गळ्यात पडला. देशभर लोक म्हणू लागले, पडलेल्याला हात लावायचा नाही. २०११ साली फोशान शहरात गाडीखाली आलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या बाजूनं अठरा जण निघून गेले. थांबली ती कचरा वेचणारी बाई.

गंमत म्हणजे २०१२ साली सरकारी माध्यमांतून असं सांगितलं गेलं की त्या तरुणाचा धक्का खरंच लागला होता, त्यानं तसं मान्य केलंय. तोवर चार-पाच वर्षं अख्ख्या देशानं त्या खटल्यातून धडा घेऊन झाला होता. २०१७ साली तिथंही मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा नियम आला.

जागता पहारा
आपत्कालीन सेवेत काम करते. रोज असे जिने बघते. माणुसकीवर तुम्ही बोला, मी त्या नऊ मिनिटांवर बोलते, कारण मला त्या नऊ मिनिटांनी झोप आली नाही.

हृदय बंद पडलं असेल आणि छातीवर दाब मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घसरते. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. आम्ही कितीही वेगानं आलो तरी पहिली मिनिटं आमची नसतात, तिथं असलेल्यांची असतात.

पर्स डोक्याखाली ठेवणाऱ्या बाईंचा हेतू सोन्यासारखा, पण बेशुद्ध, उताण्या माणसाच्या डोक्याखाली उशी दिली की मान पुढे वाकते आणि श्वासाची वाट अडते. डोकं सपाट ठेवा. खांदे हलवून मोठ्यानं हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर फोन स्पीकरवर टाका आणि छातीच्या मध्यभागी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. तिथंच सगळे फसतात, ‘श्वास चालू आहे’ म्हणून थांबतात. बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका, मोडतेही कधी कधी. फोनवरचा माणूस बऱ्याच ठिकाणी तुम्हाला पायरी पायरीनं सांगतो. त्याला ऐकायला कान लागतो. मोबाइल चित्रीकरणात गुंतलेला असेल तर तो कान बंद.

आणि गर्दीला कधीच ‘कुणीतरी फोन करा’ म्हणू नका. बोट दाखवा. ‘निळा शर्ट, तुम्ही फोन लावा. लावला की मला येऊन सांगा.’ निळ्या शर्टाचा चेहरा त्या क्षणी बदलतो, मी पाहिलंय. आतापर्यंत बघ्या होता तो जिने चढून पळत जातो. कात्रण यांनी सांगितलेले थरथरणारे हात हेच असणार. त्यांना फक्त नाव हवं असतं.

नीलमोहर
जागता पहारा, हा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे.

मोबाइलची दुसरी बाजू मांडू का? २५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये एका पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून धरला, तेव्हा सतरा वर्षांच्या एका मुलीनं ते चित्रित केलं. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या मृत्यूचं वर्णन वैद्यकीय घटना असं होतं. ती क्लिप नसती तर तेच कायम राहिलं असतं. पुढच्या वर्षी त्या पोलिसाला दोषी ठरवलं गेलं आणि मुलीला पुलित्झरचं (पत्रकारितेतल्या मोठ्या पुरस्काराचं) विशेष मानपत्र मिळालं. तिथं ती मध्ये पडू शकत नव्हती. कॅमेरा हीच तिच्या हातातली एकमेव मदत होती.

मग फरक कुठे पडतो? माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की दुसरं काही करता येत असताना कॅमेरा उचलला तर तो पळपुटेपणा. कुणाच्या बळजोरीपुढे दुसरं काही करता येत नसेल तर ती साक्ष. जिन्यावर करता येण्यासारखं खूप होतं. (हातचा एक, हे तुम्हाला टोचायला नाही लिहिलं.)

कात्रण
एक पुरवणी देतो आणि थांबतो. १९७३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं. काही जणांना विषय दिला होता ‘चांगला शोमरोनी’, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस दारात कण्हत बसवलेला. ज्यांना ‘भरपूर वेळ आहे’ सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ सांगितलेल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर चांगल्या शोमरोन्यावर बोलायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले.

रिकामटेकडा
आणि आपण इथं ओलांडून जाण्यावर धागा वाचतोय, ऑफिसला उशीर करून. ही चेष्टा नाही, खरंच उशीर झालाय.

गोधडी
चार दिवस धागा नुसता वाचतेय. लिहू की नको चाललं होतं.

माझे वडील सहा वर्षांपूर्वी बसस्टॉपवर गेले. आम्हाला दवाखान्यातून फोन यायच्या आधी ते कळलं, कारण कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत माझ्या भावाच्या ग्रुपवर आला. खाली कुणीतरी हात जोडलेले टाकले होते. भावानं शर्ट ओळखला. तो शर्ट मी घेतलेला होता.

ज्यानं काढला त्याला मी अनेक वर्षं मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. उलटतपासणी यांनी जर्मनीतला कायदा सांगितला तेव्हा वाटलं, हाच हवा.

पण त्या व्हिडिओत चाळीसेक सेकंद एक बाई बाबांच्या शेजारी फुटपाथवर बसलेली दिसते. हिरवा पंजाबी ड्रेस. बाबांचा हात तिच्या दोन्ही हातांत आहे आणि ती त्यांच्याशी काहीतरी बोलतेय. ऐकू येत नाही, बसचा आवाज आहे. ती कोण, आम्हाला कधीच कळलं नाही. आईनं तो व्हिडिओ पुसू दिलेला नाही. सुरुवातीचा भाग ती बघत नाही, बरोबर त्या बाईपासून लावते. ‘एकटे नव्हते ना गं,’ एवढंच म्हणते.

म्हणजे ज्या माणसाचा मी इतका राग करते, त्याच्याचमुळे आईला रात्री झोप लागते. याचं काय करायचं, मला कळलेलं नाही.

नीलमोहर
गोधडी ताई, काय लिहू.

शंकासुर
वाचलं. मी इथं निकाल देत फिरत होतो, तो थांबवतो.

उलटतपासणी
गोधडी, कायदा अशा ठिकाणी फार तोकडा असतो. तसं चित्रण घरच्यांपर्यंत, फक्त घरच्यांपर्यंत, पोचण्याची काही सन्मानाची वाट असायला हवी. ती नाही. म्हणून ते ग्रुपवरून पोचतं.

हातचा एक
गोधडी, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री तो चौदा सेकंदांचा तुकडा पहिल्यांदा उघडला. त्या दिवसापासून तो फोनमध्ये होता, बघायची हिंमत नव्हती. पुसूनच टाकणार होतो. पुसावा का, हे खरं तर इथं विचारायचं होतं.

चित्रात फारसं काही नाही. पाठी, पायऱ्या, कठडा. आवाज मात्र स्वच्छ आहे. नवव्या सेकंदाला मागून एक बाई विचारते, ‘फोन केला का कुणी?’ आणि लगेच उत्तर येतं, ‘केला असेल कुणीतरी.’

ते उत्तर फार जवळून आलंय. तो आवाज माझा आहे.

धाग्याला नाव दिलं तेव्हा मला खरंच वाटत होतं की ते मी ऐकलं होतं.

जागता पहारा
हातचा एक, तुमच्यासारखे मला रोज भेटतात, बहुतेकांना हे कधी ऐकावं लागत नाही. प्रथमोपचाराचा वर्ग बहुतेक ठिकाणी एका दिवसाचा असतो. जाऊन या. व्यक्तिगत निरोपात लिहिलंय.

गोधडी
पुसू नका, इतक्यात तरी. कुणाला पाठवूही नका. त्यांच्या घरच्यांनी कधी विचारलं तर असू द्या.

एक विचारू? त्यात कुणी त्यांच्याजवळ बसलेलं दिसतं का?

हातचा एक
पुन्हा दोनदा बघितला. शेवटच्या दोन सेकंदांत डाव्या कडेला, पाठींच्या फटीतून, त्यांच्या खांद्यावर एक हात दिसतो. बांगड्या आहेत. पर्सवाल्या बाईच असाव्यात.